विरोध नाही म्हणे, पण शाळेत नको!

उघड शिव्या देणाऱ्याशी भांडणं सोपं असतं. तो काय ते तोंडावर बोलतो. मला वैताग येतो तो सुसंस्कृत माणसांचा. त्यांच्या कपाटात सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ असते. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध 377 कलमातून वगळले, तेव्हा त्यांनी इंद्रधनुष्याची चित्रं मोठ्या उत्साहाने इकडून तिकडे पाठवली होती. आणि शाळेत समलैंगिक, तृतीयपंथी, पारलिंगी मुलांचा जो छळ होतो त्याबद्दल शिक्षकांशी, मुलांशी बोलायला हवं, असं कुणी म्हणालं की हीच माणसं चष्मा काढतात, पुसतात, परत चढवतात आणि म्हणतात, “आमचा विरोध नाही हो. ज्याचं त्याचं आयुष्य. पण शाळेत कशाला?”

त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांडतो, म्हणजे मी पदरचं घातलं असं व्हायला नको. शाळा ही निरागस जागा आहे. तिथे सध्या हा विषय नाही. संस्थावाले आणि इंग्रजाळलेले लोक तो बाहेरून आत आणू पाहताहेत. मुलांचं हे वय नाही. वय झालं की कळेल आपोआप, नाहीतर घरचे सांगतील. चिडवाचिडवी थोडीफार चालायचीच. आम्हालाही चिडवायचे, आमचं काय बिघडलं? इथे सातवीतल्या पोरांना धड भागाकार येत नाही, त्यात हे कुठे? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून: उगाच नसत्या कल्पना डोक्यात भरवल्या, तर एखादं पोर खरोखरच ‘तसं’ व्हायचं.

ही सगळी इमारत ज्यावर उभी आहे, ते पहिलं वाक्यच खोटं आहे. हा विषय शाळेत नाही म्हणणारी माणसं शाळेत गेली होती की नाही, अशी मला शंका येते. पीटीच्या तासाला धावताना मागे पडलेल्या मुलाला “हातात बांगड्या भरल्यात का रे?” असं विचारणारे सर यांना भेटले नाहीत? पडून गुडघा फुटलेल्याला “मुलीसारखा काय रडतोस?” म्हणणाऱ्या बाई भेटल्या नाहीत? आणि ती जुनी, लाडकी शिक्षा? गृहपाठ न आणलेल्या मुलाला उठवून मुलींच्या बाकावर बसवायची. वर्ग हसतो. बाईसुद्धा हसतात. छडी नाही, उठाबशा नाहीत, किती सौम्य शिक्षा! पण त्या एका मिनिटात वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळतं की मुलींमध्ये बसावं लागणं ही नाचक्की आहे. मुलींना आपली किंमत कळते. आणि ज्या मुलाला मनातून तिथेच बसावंसं वाटतं, त्याला कळतं की हे कुणालाही, कधीही, सांगायचं नाही. या धड्याला पुस्तक नाही, घटक चाचणी नाही, तरी तो चाळिशी उलटलेल्या माणसालाही तोंडपाठ असतो.

मधल्या सुट्टीत तर शिक्षकांचीही गरज उरत नाही. ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘हिजडा’, क्रिकेटवेड्या वर्गात ‘सिक्सर’: चौथी-पाचवीपर्यंत हा शब्दसंग्रह तयार झालेला असतो. अर्थ कळलेला नसतो, नेम मात्र अचूक असतो. चाल थोडी वेगळी, आवाज बारीक, हातवारे जास्त, कबड्डीपेक्षा रांगोळीत रस, एवढं पुरतं. असा मुलगा मग सुट्टीत स्वच्छतागृहात जाणं टाळतो, कारण तिथे दार लावून घेऊन ‘बघू तुला काय आहे’ म्हणणारे उभे असतात. तो पाणी कमी पितो. शाळा सुटेपर्यंत कळ काढतो. मुलींचं वेगळं असतं. केस बारीक कापलेली, मुलांसारखी सायकल हाणणारी मुलगी सहावीपर्यंत कौतुकाची असते. आठवीत तिला ‘आता जरा मुलीसारखी वाग’ सुरू होतं. दोन मुली सारख्या एकमेकींबरोबर दिसायला लागल्या की बाक बदलले जातात, आयांना बोलावणं जातं आणि नेमकं काय झालं हे कुणीच उच्चारत नाही.

एवढं सगळं रोज घडत असताना ‘हा विषय शाळेत आणू नका’ म्हणायचं! तो पहिलीपासून आहे. फक्त आत्तापर्यंत तो शिकवणाऱ्यांना कुणी जाब विचारत नव्हतं, आता विचारू लागलेत, एवढाच फरक पडला आहे. दुखतंय ते तिथे.

स्नेहसंमेलनाची गंमत तर बघण्यासारखी असते. नववीची चार दांडगी पोरं नऊवारी नेसून, गजरे माळून लावणी करतात. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, नगरसेवक टाळ्या पिटतात. शिट्ट्या पडतात. का चालतं? कारण ती पोरं खोटं खोटं बायकी झालेली असतात. त्याच सभागृहात मागच्या खांबाला टेकून एखादा मुलगा उभा असतो, जो वर्षभर तसाच चालतो, तसाच बोलतो, आणि ज्याला नाचात घेतलेलं नसतं, कारण ‘त्याचं जरा जास्तच होतं’. बालगंधर्वांच्या शालूंची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल एकेकाळी घरंदाज बायका करत, हे आपण छाती फुगवून सांगतो. हेच बालगंधर्व रंगमंचावर भामिनी होतात तेव्हा तो मराठी संस्कृतीचा मानबिंदू. आठवी ब मधला एखादा पोरगा मान वेळावून बोलतो तेव्हा मात्र ती विकृती. नाटकाला तिकीट असतं म्हणून तर हा फरक नाही ना?

‘वय नाही’ हा पुढचा मुद्दा. तो मांडणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे न बोलताही कळतं. त्यांना वाटतं की शिक्षक फळ्यावर अंथरुणातली चित्रं काढणार आहेत. स्त्री-पुरुष नात्याचा विषय निघाला की मात्र त्यांना वयाची आठवण राहत नाही. बालवाडीच्या वेशभूषा स्पर्धेत चार वर्षांच्या दोन लेकरांना मुंडावळ्या बांधून नवरा-नवरी म्हणून उभं करतात तेव्हा कुणी ‘अहो, वय काय त्यांचं!’ म्हणून उठत नाही. उलट फोटो काढतात. मोठ्या माणसांनी पाळण्यातल्या मुलीला ‘आमची सून’ म्हणून टाकणं हा तर आपला घरगुती विनोद. म्हणजे प्रेम, लग्न, जोडी हे सगळं मुलांना कळू द्यायला आपली हरकत नसते. एका ठरावीक जोडीपलीकडे काही असतं, एवढंच कळू द्यायचं नसतं.

तिसरीतल्या मुलाला लैंगिकता समजावून सांगा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणत नाही. तिसरीत सांगायचं ते इतकंच, की कुणाच्या चालण्यावरून, आवाजावरून नाव ठेवायचं नाही. मुलगा रडला तर रडू द्यायचं आणि मुलीला फुटबॉल हवा असेल तर द्यायचा. आठवी-नववीत शरीराच्या बदलांचा धडा येतो, तेव्हा त्यात अजून चार वाक्यं घालायची: काही जणांना समलिंगी व्यक्तींबद्दल ओढ वाटते, काही जणांना जन्मापासून चिकटवलेलं लिंग आपलं वाटत नाही, हा आजार नाही, गुन्हा तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तेव्हा जन्मलेली मुलं आता पालकसभेला येतात. इतक्या जुन्या माहितीला ‘मुलांवर नवं काहीतरी लादणं’ म्हणायचं असेल तर मग काय बोलणार?

आणि ‘वेळ आली की कळेल’ म्हणजे कुठून कळेल? खिशातल्या मोबाइलवरून. वाट्टेल त्या माणसाने, वाट्टेल त्या भाषेत, वाट्टेल त्या हेतूने केलेल्या चित्रफितीतून. शाळेने गप्प राहायचं ठरवलं म्हणजे मुलं अजाण राहतात, हा समज 2007 सालीच फार महागात पडला होता. आमदारांच्या आरडाओरडीनंतर महाराष्ट्र सरकारने त्या वर्षी शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. ती पिढी काय ब्रह्मचर्याश्रमात गेली?

आता चिडवाचिडवी. ‘आम्हालाही चिडवायचे’ या वाक्यात एक बनेलपणा आहे. चष्मा आहे म्हणून ‘ढापण्या’ म्हणणं आणि तू आहेस तसा जगायच्या लायकीचाच नाहीस असं दहा वर्षं रोज सांगणं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात कोंबायच्या. ढापण्या घरी जाऊन आईला सांगू शकतो. आई म्हणते, दुर्लक्ष कर रे. ज्याला छक्का म्हणतात तो घरी सांगूच शकत नाही; सांगितलं तर पुढचा प्रश्न असतो, “तुलाच का म्हणतात? तू तसं काही करतोस का?” युनेस्कोच्या दिल्ली कार्यालयाने तामिळनाडूत अशा 371 तरुणांशी बोलून एक अभ्यास केला होता, तो 2019 मध्ये आला. माध्यमिक शाळेत असताना शारीरिक मार खाल्ला असं सांगणारे त्यात 60 टक्के होते. शाळेकडे तक्रार केली ती फक्त 18 टक्क्यांनी. आणि जवळपास एक तृतीयांश जणांनी सांगितलं की शाळा सुटली त्याला हा छळ मोठं कारण होता. या आकड्यांपुढे ‘आमचं काय बिघडलं?’ हा प्रश्न विचारून बघा. तुमचं नाहीच बिघडलं. तुम्ही हसणाऱ्यांत होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये दिल्लीजवळ एका शाळकरी मुलाने जीव दिला. त्याच्या वागण्या-बोलण्यावरून शाळेत त्याचा छळ होत होता आणि शाळेला सांगूनही काही झालं नाही, अशी त्याच्या आईची तक्रार होती. त्या वेळी सगळीकडे हळहळ व्यक्त झाली. हळहळ आपल्याकडे लगेच मिळते. ती संपल्यावर किती शाळांनी आपल्या तक्रारपेटीचं कुलूप उघडून बघितलं?

शिक्षकांना तयार करायचा एक गंभीर प्रयत्न या देशात झाला होता, त्याचं काय झालं तेही या सज्जनांनी आठवावं. 2021 मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल एक प्रशिक्षण-पुस्तिका तयार केली. मुलांसाठी नव्हे, शिक्षकांसाठी. तिच्यात होतं काय? प्रत्येक गोष्टीत मुलगे इकडे, मुली तिकडे अशा रांगा लावू नका. गणवेशात थोडी मोकळीक ठेवा. सगळ्यांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहं असू द्या. पारलिंगी व्यक्तींना शाळेत बोलवा, त्यांच्याशी बोला. नोव्हेंबरात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने पत्र धाडलं आणि काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. बालहक्क आयोगाच्या पत्रावरून! त्या आयोगाच्या लेखी पाणी न पिता शाळेत दिवस काढणारं मूल ‘बाल’ नव्हतं, की स्वच्छतागृहात सुरक्षित जाता येणं हा ‘हक्क’ नव्हता?

त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचं प्रकरण आलं. एकमेकींबरोबर राहण्यासाठी त्या घरातून निघून आल्या होत्या आणि त्यांना संरक्षण हवं होतं. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी काय करावं? आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही, असं त्यांनी जाहीरपणे नोंदवलं आणि निकाल देण्याआधी स्वतः मानसतज्ज्ञाकडे शिकवणीला बसले. मग 7 जून 2021 च्या आदेशात पोलीस, तुरुंग, डॉक्टर आणि शाळा-महाविद्यालयं, सगळ्यांना शिकण्याची गरज आहे असं सांगितलं. एनसीईआरटीने पुस्तिका मागे घेतली तेव्हा त्यांनी त्याबद्दलही नाराजी व्यक्त केली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला शिकावं लागतं. आमच्या मुख्याध्यापकांना लागत नाही, कारण “आमच्या शाळेत असली मुलं नाहीत”. बाराशे पटाच्या शाळेत एकही नाही! हे विधान करताना त्यांचा आवाज किती ठाम असतो. 2011 च्या जनगणनेत देशभरात सहा वर्षांखालच्या जवळपास 55 हजार मुलांची नोंद पालकांनी ‘इतर’ या रकान्यात केली होती. ती मुलं पुढे कुठल्या शाळेत गेली? की गेलीच नाहीत? त्या जनगणनेत ‘इतर’ गटाची साक्षरता सुमारे 56 टक्के होती, देशाची 74.

हाच आकडा भागाकारवाल्यांनाही लागू आहे. वाचन-गणित आधी, बाकी सगळं नंतर, हा युक्तिवाद ऐकायला फार जबाबदार वाटतो. पण जे मूल वर्गात बसतानाच घाबरलेलं आहे, जे मधल्या सुट्टीच्या भीतीने आठवड्यातून दोनदा पोटदुखी काढतं, ज्याने दहावीच्या आतच शाळा सोडली, त्याला भागाकार कुठल्या वर्गात येणार?

आणि मग संस्कृती. हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांना लोक बृहन्नडा, शिखंडी, अर्धनारीनटेश्वर अशी नावं मोजून दाखवतात. मला त्या वादात पडायचं नाही. समजा पुराणात यातलं काहीही नसतं, तर मुलांना मारायची मुभा मिळाली असती का? 377 हे कलम 1860 साली इंग्रजांनी आणलं, म्हणजे पाश्चात्त्य जर काही असेल तर तो कायदा होता, हेही लोक सांगतात आणि ते खरं आहे. पण मला इथे आठवण द्यायची आहे ती आपल्या घरातली. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी ज्यांना आपल्या मतांपायी गमवावी लागली, त्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचक त्यांना प्रश्न पाठवत, ते छापून उत्तरं देत. 1934 मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात, तर जाणत्याने उत्तर द्यायचं की नाही, असा तो सरळ मुद्दा होता. खटला हरले. दंड झाला. पण मराठीत, मराठी माणसांनी, मराठी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी नव्वद वर्षांपूर्वी कोर्टाची पायरी चढून झालेली आहे. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा उभी केली. आणि तरीही आज, 2020 नंतरच्या महाराष्ट्रात, हा विषय ‘बाहेरून आलेला’! आपल्याच माणसांना परदेशी ठरवण्याचं कसब कौतुकास्पद आहे.

‘मुलं तशी होतील’ हा शेवटचा डाव. खाली आणलेल्या आवाजात सांगितला जातो म्हणून त्याला गांभीर्य येत नाही. आज जी माणसं समलैंगिक आहेत, ती सगळी स्त्री-पुरुषांच्या घरात वाढली. त्यांनी आयुष्यभर मुंडावळ्या पाहिल्या, सत्यनारायणाला जोडीने बसलेले आईवडील पाहिले, नायक-नायिकांची हजारो गाणी पाहिली-ऐकली. इतक्या प्रचाराने ती बदलली नाहीत. मग नववीच्या पुस्तकातल्या चार वाक्यांत एवढी ताकद कुठून येणार? ब्रिटनने याचा प्रयोग करून पाहिला आहे. 1988 मध्ये थॅचर यांच्या सरकारने ‘कलम 28’ आणलं: समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करायचा नाही, शाळांनी तिला कुटुंबाचं मान्य रूप म्हणून शिकवायचं नाही. झालं काय? शिक्षक घाबरले. मुलाला मारताना दिसलं तरी मध्ये पडावं की नाही, पडलो तर तो ‘प्रचार’ होईल का, अशा विचारात पडले. स्कॉटलंडने ते कलम 2000 मध्ये काढलं, इंग्लंड-वेल्सने 2003 मध्ये. 2009 मध्ये थॅचर यांच्याच पक्षाचे नेते डेव्हिड कॅमरन यांनी त्याबद्दल माफी मागितली आणि ते पंतप्रधान असताना 2013 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला. पंधरा वर्षं तोंडं बंद ठेवून समलैंगिक माणसं कमी झाली नाहीत. भोगलं मात्र शाळेतल्या मुलांनी. आपल्याला हाच प्रयोग पुन्हा करायचा आहे आणि वर त्याला भारतीय संस्कृती म्हणायचं आहे.

‘घरचे सांगतील’ याबद्दल थोडक्यात. काही घरचे सांगतात, आणि नीट सांगतात. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी त्रिपाठींच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ मध्ये शाळेतल्या छळाचा भाग वाचवत नाही, पण त्यांच्या आईवडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. असे आईवडील किती? बहुतेक घरांत मूल बोललं की पहिली धाव बुवाकडे, दुसरी ‘यावर औषध देणाऱ्या’ डॉक्टरकडे. अशा ‘उपचारांना’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, ही गोष्ट किती पालकांना माहीत आहे? ज्या मुलाचं घरच त्याच्या विरोधात आहे, त्याच्यासाठी शाळा ही एकच दुसरी जागा असते. तीही तुम्ही ‘पालकांचा प्रश्न’ म्हणून बंद करून टाकता.

एक गोष्ट मान्य करतो, त्याहून जास्त नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या-उघडल्या कुणीतरी पाहुणे बोलावून, इंद्रधनुष्याचं पोस्टर लावून, पोरांकडून रंग भरून घेऊन केलेला कार्यक्रम निरर्थक असतो. दुसऱ्या दिवशी पोस्टरच्या खालीच ‘सिक्सर’ सुरू होतं. शिक्षकांवर कामांचा डोंगर आहे, हेही खरं. निवडणूक, सर्वेक्षण, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, यातून उरलेल्या वेळात ते शिकवतात. पण मुलींच्या बाकावर बसवायची शिक्षा बंद करायला कुठला जीआर लागतो? पीटीच्या सरांना बांगड्यांचा विनोद सोडायला किती तासांचं प्रशिक्षण हवं? वर्ग हसला तर त्यात आपण हसायचं नाही, याला निधी लागत नाही.

आणि ज्यांना जीआरच हवा, त्यांच्यासाठी कागद भरपूर आहे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 मुलांच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. ही मनाई शिक्षकांनाही आहे. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यात कलम 13 आहे, ते शासनमान्य शिक्षणसंस्थांना भेदभावाविना शिक्षण द्यायला सांगतं. महाराष्ट्राने 10 मार्च 2022 ला प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय काढला. बी.एड.च्या अभ्यासक्रमात लिंगभाव, शाळा आणि समाज हा विषय आहे. तो गाइड वाचून पास होणाऱ्यांना त्यातलं काय आठवतं ते त्यांनाच विचारा. म्हणजे ‘शाळेत हा विषय नको’ असं म्हणणारे नुसतं मत मांडत नाहीत. शाळेने स्वतःचं कर्तव्य करू नये, असं ते सांगताहेत, आणि ते कर्तव्य टाळणाऱ्यांना सभ्य भाषा पुरवताहेत.

त्यामुळे ‘विरोध नाही, पण’ हे वाक्य मी तटस्थपणा म्हणून धरायला तयार नाही. शाळेच्या आवारात तटस्थ असं काही नसतं. पाच पोरं एकाला धरतात तेव्हा लांब उभा राहणारा शिक्षक त्या पाचांचा असतो, आणि त्या शिक्षकाला ‘तुम्ही यात पडू नका’ म्हणणारा पालक सहावा.

तुमचं मूल शाळेत असेल तर येत्या पालकसभेत हात वर करा. गणवेशाचा रंग आणि बसची फी यांवर बोलून झालं की विचारा: चालण्यावरून, बोलण्यावरून, बायकी किंवा पुरुषी म्हणून छळ झाल्याच्या किती तक्रारी या वर्षी आल्या आणि शाळेने त्यांचं काय केलं? सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिची नोंदवही दाखवा. कुजबुज होईल, शेजारचे वळून बघतील, तुमच्याच मुलाचं काही आहे की काय, असं पुटपुटतील. पुटपुटू द्या. आणि मुख्याध्यापक हसून म्हणाले, “आपल्याकडे अशी एकही तक्रार नाही,” तर निर्धास्त होऊन खाली बसू नका. एकही तक्रार नाही याचा अर्थ, तक्रार करून उपयोग नाही हे त्या शाळेतल्या मुलांना पुरतं कळून चुकलं आहे.